सीटवर रुमाल, कॅन्सरला ब्रेक?

पाच मण्यांची एक इवलीशी रिंग. नाव सिलेंजिटाइड. प्रयोगशाळेत पास, उंदरांत पास, छोट्या ट्रायलमध्येही पास... आणि फायनलला? एका 'जवळजवळ औषधा'ची ही गोष्ट. 'कॅन्सरवर रामबाण उपाय सापडला' असा पुढचा फॉरवर्ड येईल, तेव्हा आठवावी अशी.

सोमवारची सकाळ. मेलबॉक्स तुंबलेला, दहाची मीटिंग डोक्यावर, कॉफी अजून हातात यायचीय. तेवढ्यात फॅमिली ग्रुपवर मेसेज पडतो, 'कॅन्सरवर औषध सापडलं! शास्त्रज्ञांचा दावा. सर्वांना पाठवा.' एरवी तुम्ही एक स्मायली टाकून पुढे गेला असता. पण सध्या घरात कुणीतरी आजारी आहे. काका, आत्या, मैत्रिणीची आई... कुणीतरी आपलं. आणि लंच टाइमला मावशीचा फोन येतोच. "अरे, तो मेसेज बघितलास ना? तू जरा नेटवर शोध की. आपल्याकडे मिळेल का ते?"

आता मावशीला काय सांगायचं? 'सगळं खोटं असतं गं' म्हणणं सोपं आहे, पण ते खरं नाही. त्या बातमीमागे बहुतेक वेळा खरी प्रयोगशाळा असते आणि खरी मेहनत असते. आणि 'हो, मिळेल' असं म्हणायलाही जीभ रेटत नाही.

म्हणून ही एका औषधाची गोष्ट. खरं तर औषध होता होता राहिलेल्या एका रेणूची. त्याची आयडिया झकास होती, डिझाइन त्याहून झकास. जगातले हुशार लोक त्याच्यामागे होते. तरीही शेवटी दोन आकडे शेजारी शेजारी छापले गेले आणि सगळा खेळ थांबला. ते दोन आकडे समजले, की मावशीला काय सांगायचं तेही समजतं.

आधी जरा एसटी स्टँडवर जाऊ

गणपतीला किंवा दिवाळीला गावी जाताना एसटी पकडलीय कधी? गाडी फलाटाला लागायच्या आत लोक खिडकीतून रुमाल टाकतात. रुमाल काही तिकीट काढत नाही आणि प्रवासही करत नाही. पण जागा अडते! खरा प्रवासी आत येतो, रुमाल बघतो आणि निमूटपणे उभा राहतो.

शरीरातल्या पेशींवरही अशा सीट्स असतात. त्यांना म्हणतात रिसेप्टर. ठरावीक रेणू आला, त्या सीटवर बसला, की पेशीच्या आत निरोप जातो: वाढ, सरक, चिकट, सूज आण. ज्याचा त्याचा निरोप वेगळा. आता तो निरोप जाऊच द्यायचा नसेल तर? सीटवर रुमाल टाकायचा! सीट भरलेली दिसते, पण निरोप जात नाही. हे काम करणाऱ्या रेणूंना 'रिसेप्टर ब्लॉकर' म्हणतात.

रुमाल कशाचा करायचा, याला बरेच पर्याय आहेत. त्यातला एक पेप्टाइड. अमिनो आम्लं म्हणजे मणी असं समजा. शेकडो मण्यांची लांबलचक माळ म्हणजे प्रोटीन आणि थोड्या मण्यांची छोटी माळ म्हणजे पेप्टाइड. प्रयोगशाळेत एकेक मणी ओवून हवी ती माळ बनवता येते. दुखणं एकच. शरीरातली एन्झाइम्स अशा माळा भराभर कुरतडून टाकतात. त्यातही मोकळं टोक दिसलं की आधी तिथे दात लावतात.

तीन अक्षरांचा पासवर्ड

आता चला कॅलिफोर्नियातल्या ला होया इथे. वर्ष १९८४. एर्की रुओस्लाहटी आणि मायकेल पिअर्शबाखर हे दोन शास्त्रज्ञ एका साध्या प्रश्नामागे लागले होते. आपल्या पेशी जागच्या जागी राहतात कशा? पेशींच्या आजूबाजूला फायब्रोनेक्टिन नावाचं भलंमोठं प्रोटीन असतं आणि पेशी त्याला घट्ट धरून बसतात. पण नेमकं धरतात कुठे?

त्यांनी त्या प्रोटीनचे तुकडे करत करत जागा शोधली, आणि उत्तर निघालं फक्त तीन मण्यांचं. आर्जिनीन, ग्लायसीन, अ‍ॅस्पार्टिक आम्ल. शास्त्रज्ञांच्या शॉर्टहँडमध्ये आर-जी-डी. एवढ्या अवाढव्य प्रोटीनमध्ये पेशी ओळखतात तो एवढासा पासवर्ड!

हा पासवर्ड वाचणाऱ्या रिसेप्टर्सचं घराणं म्हणजे इंटिग्रिन्स. माणसात त्यांचे २४ प्रकार आहेत. सगळ्यांचा पासवर्ड आर-जी-डी नाही, पण बऱ्याच जणांचा आहे. इंटिग्रिन्स म्हणजे पेशीचे हातपायच म्हणा ना. बोट कापलं की प्लेटलेट्स एकमेकींना चिकटतात त्या इंटिग्रिनमुळे. जखमेत जंतू शिरले की रक्तातून धावणाऱ्या पांढऱ्या पेशी नेमक्या तिथे ब्रेक मारून थांबतात, तेही इंटिग्रिनमुळे. म्हणूनच सूज, संधिवात आणि कॅन्सर अशा वेगवेगळ्या आजारांवर काम करणारे लोक या एकाच घराण्याभोवती घुटमळत असतात. १९९९ साली आर-जी-डी पासवर्ड असलेलं एक गोल पेप्टाइड सशांच्या सुजलेल्या सांध्यात टोचून बघितलं गेलं. नव्या रक्तवाहिन्या कमी झाल्या आणि सांध्याचा आजारही कमी झाला.

नव्या रक्तवाहिन्या! इथूनच आपली गोष्ट कॅन्सरकडे वळते.

गाठीचं चोरटं नळकनेक्शन

बॉस्टनच्या बालरुग्णालयात जुडा फोकमन नावाचे एक सर्जन होते. १९७१ साली त्यांनी एक धाडसी विचार मांडला. कॅन्सरची गाठ एक-दोन मिलिमीटरपेक्षा मोठी व्हायची, तर तिला स्वतःचा रक्तपुरवठा लागतो. मग ती आजूबाजूच्या रक्तवाहिन्यांना निरोप पाठवते आणि त्यांना नवे फाटे फुटतात. बिनपरवाना बांधकाम करणाऱ्याने मेन लाइनवरून चोरून नळ घ्यावा, तसंच हे. मग गाठीशी थेट भांडण्याऐवजी तिचं पाणीच तोडलं तर? तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली. पुढे हळूहळू सगळे त्याच वाटेने चालायला लागले.

१९९४ साली डेव्हिड चेरेश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, तेही ला होयाचेच, एक धागा पकडला. नव्याने फुटणाऱ्या रक्तवाहिन्यांवर एक इंटिग्रिन भरपूर दिसतं. नाव अल्फा-व्ही-बीटा-३. जुन्या, शांत बसलेल्या रक्तवाहिन्यांवर ते फारसं नसतं. मग त्यांनी कोंबडीच्या उबवणीच्या अंड्यात वाढणारा नाजूक पडदा घेतला. त्यावर रक्तवाहिन्यांची जाळी डोळ्यांना स्पष्ट दिसते. त्यावर गाठ वाढवली आणि हे इंटिग्रिन अडवलं. नव्या रक्तवाहिन्यांच्या पेशी मरायला लागल्या आणि गाठी आकसल्या. जुन्या वाहिन्यांना धक्काही नाही!

नुसतं वाचतानाच सरसावून बसावंसं वाटतं की नाही? आता फक्त एक चांगला रुमाल हवा होता.

म्युनिकची अंगठी

तो रुमाल विणला जर्मनीत, म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात. होर्स्ट केसलर नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने आर-जी-डीच्या तीन मण्यांना आणखी दोन मणी जोडले आणि माळेची दोन टोकं एकमेकांना जोडून टाकली. झाली अंगठी! टोकच उरलं नाही, तर एन्झाइम कुरतडणार कुठून?

पण खरी कमाल पुढेच आहे. पासवर्ड बरोबर असून भागत नाही, तो बरोबर कोनात धरावा लागतो. चावी कुलपात तिरकी घातली तर फिरते का? म्हणून केसलर यांच्या गटाने चौथा मणी मुद्दाम आरशातल्या प्रतिमेसारखा उलटा घेतला. त्यामुळे अंगठीला हवा तसा बाक आला. पाचव्या मण्यावर त्यांनी एक छोटासा मिथाइल गट चिकटवला. त्याने पकड आणखी घट्ट झाली. १९९९ साली या पाच मण्यांच्या रेणूची सविस्तर माहिती प्रसिद्ध झाली. त्याचं नाव सिलेंजिटाइड. रेणूभार जेमतेम ५८८.७, म्हणजे अ‍ॅस्पिरिनच्या रेणूच्या सव्वातीन पट. एवढ्याशा जिवाने अल्फा-व्ही-बीटा-३ आणि त्याचा भाऊ अल्फा-व्ही-बीटा-५, अशा दोन सीट्स अडवायच्या होत्या.

डार्मश्टाट इथल्या मर्क या जर्मन कंपनीने तो पुढे नेला. २००१ साली उंदरांवरच्या एका प्रयोगाचा निकाल आला आणि तो भलताच बोलका होता. मेंदूतल्या कॅन्सरच्या पेशी उंदराच्या मेंदूत वाढवल्या, तर सिलेंजिटाइड त्या गाठी दाबून ठेवत होतं. त्याच पेशी कातडीखाली वाढवल्या, तर काहीच फरक नाही. म्हणजे या औषधाचं मैदान ठरलं होतं. मेंदू.

चौकट : सोमवारी शेअर, मंगळवारी काय?

रक्तपुरवठा तोडायच्या आयडियाने लोक किती वेडे झाले होते, त्याचा हा नमुना. ३ मे १९९८, रविवार. 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पहिल्या पानावर फोकमन यांच्या प्रयोगशाळेतल्या दोन प्रोटीन्सची बातमी आली. उंदरांमधल्या गाठी त्यांनी नाहीशा केल्या होत्या. ती बनवू पाहणाऱ्या एन्ट्रेमेड या छोट्या कंपनीचा शेअर शुक्रवारी सुमारे १२ डॉलरला बंद झाला होता. सोमवारी तो ८५ डॉलरपर्यंत उडाला आणि ५२च्या आसपास उतरला. उंदराला कॅन्सर झाला असेल तर आम्ही त्याची छान काळजी घेऊ शकतो, असं फोकमन स्वतः म्हणायचे. त्यांची विनोदबुद्धी शाबूत होती, बाजाराची नव्हती. ती दोन प्रोटीन्स जगभरच्या पेशंट्सचं औषध काही झाली नाहीत. फोकमन यांची मूळ आयडिया मात्र फुकट गेली नाही. २००४ साली अमेरिकेत आतड्याच्या कॅन्सरसाठी मंजूर झालेलं अ‍ॅव्हास्टिन हे औषध त्याच वाटेवरचं.

सगळ्यात कठीण पेपर

ग्लायोब्लास्टोमा. मेंदूच्या कॅन्सर्समधला सगळ्यात आडमुठा. ऑपरेशन करून काढला तरी मुळं उरतात. २००५ साली रॉजर स्टप यांच्या टीमने दाखवलं, की रेडिएशनच्या जोडीला टेमोझोलोमाइडच्या गोळ्या दिल्या तर सरासरी आयुष्य १२.१ महिन्यांवरून १४.६ महिन्यांवर जातं. (इथे 'सरासरी' म्हणजे मधला आकडा. निम्मे पेशंट त्याच्या अलीकडे, निम्मे पलीकडे.) अडीच महिने! तुमच्या-माझ्यासाठी एक प्रोजेक्ट डिले झाला तर जातात तेवढे. त्या घरांसाठी मात्र एखादं लग्न, एखादा दहावीचा निकाल, एखादी दिवाळी.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट कळली. काही पेशंट्सच्या गाठीत एमजीएमटी नावाचं जनुक बंद असतं. हे जनुक गाठीतल्या पेशींची केमोने झालेली मोडतोड दुरुस्त करत असतं. दुरुस्तीवालाच रजेवर असेल तर केमो जास्त चालते. अशा पेशंट्सना रेडिएशन आणि गोळ्या दिल्यावर मधला आकडा २१.७ महिने आला होता. हा २१.७ लक्षात ठेवा. पुढे कामाला येणार आहे.

मग आलं सिलेंजिटाइड. २०१० साली ५२ पेशंट्सच्या ट्रायलचा निकाल छापून आला. सगळ्यांना नेहमीची ट्रीटमेंट अधिक सिलेंजिटाइड. ज्यांचं ते जनुक बंद होतं, त्यांचा मधला आकडा २३.२ महिने. २१.७ पेक्षा जास्त! त्रास फारसा नाही. आशा वाढली. 'याच पेशंट्सवर मोठी ट्रायल करा' हा निर्णय तर आधीच झाला होता.

२६.३ आणि २६.३

त्या मोठ्या ट्रायलचं नाव 'सेंट्रिक'. २५ देशांतली १४६ केंद्रं. २००८च्या ऑक्टोबरपासून २०११च्या मेपर्यंत भरती चालली. ३,४७१ जणांची चाचपणी झाली आणि नेमके तसेच, जनुक बंद असलेले ५४५ पेशंट घेतले गेले. मग चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट पाडले. २७२ जणांना नेहमीची ट्रीटमेंट आणि सिलेंजिटाइड. २७३ जणांना फक्त नेहमीची ट्रीटमेंट.

पहिल्या गटातल्या माणसांचं आयुष्य जरा डोळ्यांसमोर आणा. आठवड्यातून दोनदा हॉस्पिटल. प्रत्येक वेळी २००० मिलिग्रॅमचं सलाइन. गाठ पुन्हा वाढली नाही तर हे दीड वर्षापर्यंत चालायचं. बरोबर कुणीतरी रजा टाकून आलेलं. पार्किंग, रांग, सुई शोधणारी नर्स, परतीचा ट्रॅफिक. मेंदूत कॅन्सर असलेला माणूस हे सगळं करतो, कारण त्याला जगायचं असतं. आणि आपल्याला नाही तर निदान पुढच्याला उपयोग होईल, असंही बऱ्याच जणांच्या मनात असतं.

२०१३च्या फेब्रुवारीत कंपनीने जाहीर केलं की ट्रायल यशस्वी झाली नाही. २०१४ साली पूर्ण निकाल छापून आला. सिलेंजिटाइड घेतलेल्यांचा मधला आकडा २६.३ महिने. न घेतलेल्यांचा? २६.३ महिने!

दशांश चिन्हानंतरही तोच आकडा. नियतीने फोटोकॉपी काढावी तसा. सिलेंजिटाइडचं काम तिथेच थांबवण्यात आलं.

आता तो २१.७ आठवा. समजा, दुसरा गट ठेवलाच नसता. सगळ्या ५४५ जणांना सिलेंजिटाइड दिलं असतं आणि आकडा आला असता २६.३. मग काय झालं असतं? 'नव्या औषधाने आयुष्य २१.७ महिन्यांवरून २६.३ वर!' हेडलाइन तयार. शेअर वर, फॉरवर्ड सुसाट, आणि तुमच्या मावशीचा फोन. हजारो घरांनी दागिने मोडून, फ्लॅट गहाण ठेवून आठवड्याला दोन सलाइनं घेतली असती. उपयोग शून्य. कुणालाच कळलं नसतं, कारण तुलना करायला कुणी नसतंच!

मग सेंट्रिकमधल्या लोकांचा आकडा आधीपेक्षा चांगला कसा आला? असं होतंच. मोठ्या ट्रायलमध्ये घेतानाच पेशंट पारखून घेतात आणि त्यांच्यावर बारीक लक्ष असतं. शिवाय मधल्या वर्षांत एकूण उपचारही सुधारतात. ही सुधारणा औषधाच्या खात्यावर जमा होऊ नये, म्हणून तर दुसरा गट. ज्या २७३ जणांना सिलेंजिटाइड मिळालं नाही, त्यांनीच आपल्याला खरं उत्तर दिलं. त्यांचे उपकार कुठल्याच हेडलाइनमध्ये आले नाहीत.

रुमाल टाकला, पण खिडकी उघडी राहिली

एवढा देखणा रेणू आणि असा निकाल का? यावर एकच एक उत्तर नाही, पण धोक्याच्या घंटा आधीपासून वाजत होत्या.

पहिली घंटा २००२ची. ज्या उंदरांत हे इंटिग्रिन जन्मापासूनच नव्हतं, त्यांच्यात गाठी वाढायलाच नकोत, बरोबर? उलट झालं. गाठी जास्त वाढल्या आणि त्यांच्यातल्या रक्तवाहिन्याही. सीटच काढून टाकली तर लोकांनी बसायला दुसरी जागा शोधली म्हणायची!

दुसरी घंटा २००९ची आणि जास्त मोठी. लंडनच्या कैरबान होदिवाला-डिल्के यांच्या टीमने दाखवलं की सिलेंजिटाइडसारख्या औषधाचा डोस अगदी कमी असेल, तर उंदरांत उलटा परिणाम होतो. रक्तवाहिन्या वाढतात आणि गाठही वाढते! आता हे बघा. सिलेंजिटाइड रक्तातून काही तासांतच निघून जातं. सलाइन आठवड्यातून दोनदाच. मधल्या काळात रक्तात उरतं काय, तर थोडंसंच. पेशंट्समध्ये हेच घडलं असं कुणी सिद्ध केलेलं नाही. पण प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही.

तिसरा धागा सापडायला २०२२ उजाडलं. टिमोथी स्प्रिंगर यांच्या गटाने, तेही फोकमन यांच्याच बॉस्टनच्या रुग्णालयात, इंटिग्रिन अडवणाऱ्या अनेक औषधांची रचना तपासली. इंटिग्रिन मिटलेलं असतं तेव्हा शांत असतं, उघडलं की कामाला लागतं. जुन्या फसलेल्या औषधांपैकी काही सीट अडवायची खरी, पण अडवता अडवता इंटिग्रिनला उघड्या अवस्थेत न्यायची. रुमाल टाकायला खिडकी उघडली आणि ती उघडीच राहिली, असा प्रकार! आता मिटलेली अवस्था टिकवणारे रेणू कसे बनवायचे, यावर काम सुरू आहे. त्याच वर्षी स्प्रिंगर, रुओस्लाहटी आणि रिचर्ड हाइन्स या तिघांना इंटिग्रिन्सवरच्या कामासाठी लास्कर पुरस्कार मिळाला. हा वैद्यकशास्त्रातला फार मानाचा पुरस्कार.

म्हणजे सगळं पाण्यात?

अजिबात नाही! रुमालाची आयडिया बाद झाली नाही, एक रुमाल एका सीटवर कामाला आला नाही, एवढंच.

याच घराण्यातलं एप्टिफिबाटाइड बघा. एका छोट्या रॅटलस्नेकच्या विषावरून सुचलेलं गोल पेप्टाइड. ते प्लेटलेट्सवरचं इंटिग्रिन अडवतं, त्यामुळे गुठळी होत नाही. अमेरिकेत १९९८ साली मंजूर झालं आणि अँजिओप्लास्टीच्या वेळी वापरलं जातं. प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी डेगारेलिक्स हे दहा मण्यांचं रिसेप्टर ब्लॉकर २००८ साली मंजूर झालं. अचानक अंग सुजण्याच्या एका आनुवंशिक आजारावर आयकॅटिबंट युरोपात २००८ साली आलं, अमेरिकेत २०११ साली. आणि २०२३ साली मोटिक्साफोर्टाइड. मल्टिपल मायलोमा या कॅन्सरच्या पेशंट्समध्ये मूळ पेशी हाडांच्या मगजातून रक्तात आणायला ते मदत करतं. सगळे रुमालच!

आर-जी-डीच्या अंगठीलाही दुसरी नोकरी मिळाली. तिला किरणोत्सारी खूण चिकटवली की ती शरीरात जाऊन अल्फा-व्ही-बीटा-३ कुठे कुठे आहे ते स्कॅनमध्ये दाखवते. म्युनिकच्याच टीमने २००५ साली कॅन्सरच्या पेशंट्समध्ये हे करून दाखवलं. आणि सिलेंजिटाइडच्या त्या उलट्या स्वभावाचाही कुणीतरी उपयोग केलाच. २०१५ साली लंडनच्या त्याच टीमने उंदरांना मुद्दाम कमी डोस दिला, सोबत रक्तदाबाचं एक जुनं औषध. हेतू असा, की गाठीकडे जाणारं रक्त वाढावं आणि त्या रक्तातून केमो आत पोचावी. उंदरांत ते जमलं. पण उंदरांत! आता तुम्हाला हे वाक्य कसं वाचायचं ते कळलंय.

चौकट : फॉरवर्ड आला? मग हे विचारा

१. कुणावर केलं? पेशींवर, उंदरांवर की माणसांवर? बातमीत बहुतेक वेळा हे तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदात लपलेलं असतं.

२. तुलना कुणाशी केली? त्याच वेळी, तसेच पेशंट असलेला दुसरा गट होता का, की जुन्या आकड्यांशी तुलना आहे?

३. किती जण होते? ५२ जणांवरून आशा वाटू शकते. खात्री हवी तर आकडा मोठा हवा.

४. काय सुधारलं? गाठ लहान झाली, स्कॅन चांगला आला, की माणूस जास्त जगला, बरा जगला?

५. ट्रायल चालू आहे असं म्हणतात? मग क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडियाच्या साइटवर बघा. ती २००७ साली सुरू झाली आणि जून २००९ पासून आपल्याकडच्या ट्रायल्सची नोंद तिथे सक्तीची आहे. कुणालाही फुकट बघता येते. ट्रायलमधल्या औषधाचे कुणी पैसे मागत असेल, तर आधी दोन पावलं मागे या.

आणि एक शेवटचं. पेप्टाइडची पांढरी पावडर भरलेल्या, 'फक्त संशोधनासाठी' असं छापलेल्या कुप्या ऑनलाइन मिळतात. सिलेंजिटाइडसुद्धा मिळतं. त्या दोन शब्दांचा अर्थ 'माणसाला देऊ नका' एवढाच आहे. जिममधला कुणी दोस्त काहीही सांगो! ज्या रेणूचा डोस चुकला तर उंदरात गाठ वाढते, तो घरी सिरिंजमध्ये मोजायची गोष्ट नाही.

मावशीचा फोन

तर आता लंच टाइम. फोन वाजतोय. काय सांगाल?

असं सांगा. "मावशी, बातमी वाचली मी. काम खरं आहे, पण अजून उंदरांपर्यंतच पोचलंय. काकांना आत्ता जे चालू आहे ना, ते अशाच मोठ्या ट्रायलमधून पास होऊन आलेलं असतं. म्हणून ते सोडायचं नाही. दुसरं काही शोधायचंच असेल, तर डॉक्टरांना एवढंच विचारू, की काकांसाठी एखादी नोंदणी झालेली ट्रायल आहे का? मी येतो बरोबर. शनिवारी."

यातलं सगळ्यात कामाचं वाक्य शेवटचं आहे. त्याला कुठल्याच ट्रायलची गरज नाही. शनिवारचा प्लॅन कॅन्सल करा आणि जा.